फायबर कंपोझिटमधली सच्छिद्रता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काच, कार्बन किंवा अरामिडच्या तंतूंमध्ये रेझिन भरून बनवलेल्या भागांत हवेच्या किंवा वाफेच्या बारीक पोकळ्या राहून जातात. त्या कशा टाळायच्या, निदान कमी कशा करायच्या, याबद्दलचे हे प्रश्न. हाताने थर लावा, इन्फ्युजन करा (कोरड्या कापडात व्हॅक्यूमने रेझिन ओढून घ्या) किंवा ऑटोक्लेव्ह (गरम दाबटाकी) वापरा, बहुतेक उत्तरं एकाच ठिकाणी येऊन पोचतात: रेझिन जेल होईपर्यंत, म्हणजे वाहणं थांबून थिजेपर्यंत, खुद्द रेझिनमध्ये दाब किती होता? पंपावरच्या काट्यापेक्षा हा दाब महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच कुठल्याही गेजवर दिसत नाही.

पोकळ्या नेमक्या येतात कुठून?

मुख्य वाटा चार. थर लावताना किंवा रेझिन ढवळताना हवा अडकते. रेझिनमध्ये किंवा तंतूंवर मुरलेला ओलावा, उरलेलं सॉल्व्हंट, स्टायरीन यांची उष्णतेने किंवा कमी दाबाने वाफ होते. बॅग (थरांवर सील केलेलं प्लास्टिकचं आवरण) किंवा साचा गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरते. आणि फिनॉलिकसारखी काही रेझिनं घट्ट होताना स्वतःच पाणी सोडतात.

वाट कोणती हे कळल्याशिवाय उपाय करायला घेऊ नका. गळतीमुळे येणाऱ्या बुडबुड्यांवर रेझिन आणखी तासभर डिगॅस करून (व्हॅक्यूमखाली त्यातली हवा काढून) काही फरक पडत नाही, आणि ओल्या प्रीप्रेगला (आधीच रेझिन लावून आलेल्या कापडाला) नवा पंप वाचवू शकत नाही.

किती टक्के सच्छिद्रता चालते?

विमानाच्या मुख्य भार वाहणाऱ्या भागांसाठी साधारण १ टक्का ही मर्यादा धरली जाते, दुय्यम भागांसाठी २ टक्क्यांपर्यंत. कमी भाराच्या कामांत ५ टक्क्यांपर्यंतचे भागही वापरात असतात. पण नुसता टक्का फसवू शकतो. भागभर विखुरलेले सूक्ष्म बुडबुडे आणि एकाच थरसीमेवर पसरलेल्या चपट्या पोकळ्या यांची सरासरी सारखी आली, तरी दुसरा भाग कितीतरी आधी सुटेल. म्हणून टक्क्यासोबत पोकळीचा आकार आणि जागाही नोंदवा.

ताकदीवर किती परिणाम होतो?

ज्या गुणधर्माचा भार रेझिनवर पडतो, तो आधी ढासळतो. थरांमधली कातर ताकद (थर एकमेकांवरून घसरू न देणारी) दर १ टक्का सच्छिद्रतेमागे सुमारे ७ टक्क्यांनी घटते, हा साधारण ४ टक्क्यांपर्यंत लागू पडणारा आणि सर्वत्र वापरला जाणारा अंदाज आहे. तंतूंच्या आडव्या दिशेची ताकद, दाब सहन करण्याची ताकद आणि फटीग आयुष्य (वारंवार भार सोसण्याची क्षमता) यांनाही फटका बसतो. तंतूंच्या दिशेने ओढून पाहिलं तर मात्र फारसा फरक दिसत नाही, कारण तिथे भार तंतू घेतात. म्हणून फक्त ओढ-चाचणी घेऊन ‘भाग उत्तम आहे’ असं म्हणणं मला धोक्याचं वाटतं. सच्छिद्रतेचा संशय असेल तर शॉर्ट बीम चाचणी (आखूड तुकडा वाकवून कातर ताकद मोजणारी) घ्या, तिचं मानक एएसटीएम डी २३४४.

आणखी एक परिणाम उशिरा कळतो. सच्छिद्र भाग जास्त पाणी शोषतो, आणि पाणी तंतू-रेझिनमधला बंध हळूहळू सैल करतं.

गेज पूर्ण व्हॅक्यूम दाखवतं, तरी बुडबुडे का येतात?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर थोडं सविस्तर द्यावं लागेल.

व्हॅक्यूम बॅगमधून हवा काढली की बाहेरचं वातावरण बॅगवर सुमारे १ बार दाब देतं. हा दाब कोण पेलतं? सुरुवातीला बराचसा रेझिन. मग रेझिन वाहून बाहेर जाऊ लागतं, तंतू एकमेकांवर टेकतात आणि स्प्रिंगसारखे भार उचलू लागतात. तंतूंनी जितका भार उचलला, तितका रेझिनमधला दाब उतरला. शोषक कापडाने जरुरीपेक्षा जास्त रेझिन ओढून घेतलं, तर बॅगवर पूर्ण दाब असूनही रेझिनमधला दाब जवळजवळ व्हॅक्यूमच्या पातळीवर येतो. अशा रेझिनमध्ये विरघळलेली हवा आणि ओलावा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडणारच.

म्हणजे व्हॅक्यूमची दोन कामं एकमेकांच्या विरोधात जातात. रेझिन येण्याआधी ते हवा काढतं, तेव्हा जितकं खोल तितकं चांगलं. रेझिन आल्यावर तेच व्हॅक्यूम रेझिनला उकळीकडे नेऊ शकतं. आधी खोल व्हॅक्यूम आणि भरल्यावर रेझिनमध्ये पुरेसा दाब, हा क्रम सांभाळला तर फायदा मोठा आहे. ५ मिलिबार व्हॅक्यूममध्ये अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याभोवती नंतर १ वातावरण दाब आला, तर बॉइलच्या नियमानुसार त्याचं आकारमान सुमारे २०० पटीने कमी होतं. १०० मिलिबारवर अडकला असेल तर जेमतेम १० पटीने.

यातून गेजबद्दलही एक मुद्दा निघतो. साधं गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून वाचन देतं. उंचावरच्या ठिकाणी किंवा हवामान बदललं की ‘पूर्ण व्हॅक्यूम’चा आकडाही बदलतो. इन्फ्युजनसाठी निरपेक्ष दाब दाखवणारं गेज घ्या, आणि ते पंपाजवळ न बसवता भागाच्या दूरच्या टोकाला बसवा. पंपाजवळचं वाचन नेहमीच गोड असतं.

गळतीची चाचणी कशी घ्यायची?

बॅग सील करा, पूर्ण व्हॅक्यूमला न्या, कापड आणि ब्रीदर (बॅगखाली हवेला वाट देणारा थर) यांमधली हवा नि ओलावा निघून जायला वेळ द्या, मग पंपाची नळी बंद करून दाब किती चढतो ते पाहा. १० ते १५ मिनिटं तरी थांबा. किती चढ चालेल हे भागाच्या महत्त्वावर आणि बॅगमधल्या हवेच्या आकारमानावर ठरतं. एकच गळती छोट्या बॅगेत पटकन दिसते, मोठ्या बॅगेत लपते. म्हणून लहान भागांसाठी ठरवलेली मर्यादा मोठ्या भागाला जशीच्या तशी लावू नका.

दाब आधी भराभर चढून मग स्थिरावत असेल तर तो बहुधा आतल्या ओलाव्याचा किंवा सॉल्व्हंटचा असतो. एकसारखा चढत राहिला तर गळती. ती शोधायची जागा ठरलेली: टॅकी टेपचे (बॅग साच्याला चिकटवणाऱ्या पट्टीचे) कोपरे, बॅगच्या चुण्यांचे पाय, नळी आत शिरते ती जागा, आणि खुद्द साचा. एमडीएफचा साचा नीट सील केलेला नसेल तर त्याच्या अंगातूनच हवा येते. अल्ट्रासॉनिक गळतीशोधक असेल तर काम फार सोपं होतं.

गळती सापडेपर्यंत रेझिन मिसळू नका. ‘एवढीशी आहे, चालेल’ हा निर्णय मिसळलेलं रेझिन भांड्यात तापत असताना घेतला जातो, आणि तो जवळपास नेहमीच चुकतो.

रेझिन डिगॅस करायलाच हवं का?

इन्फ्युजन आणि आरटीएमसाठी (बंद साच्यात दाबाने रेझिन भरण्याची रीत) हो. ढवळताना शिरलेले बुडबुडे त्याने जातात आणि विरघळलेली हवाही कमी होते. व्हॅक्यूमखाली रेझिन फेसाळून वर येतं, त्यामुळे भांडं रेझिनच्या तीन ते चार पट मोठं घ्या. भांड्यात घासणीसारख्या खरखरीत जाळीचा तुकडा सोडला तर त्याच्या पृष्ठभागावर बुडबुडे लवकर तयार होतात आणि डिगॅसिंग अधिक पूर्ण होतं. नुसत्या गुळगुळीत भांड्यात विरघळलेली बरीच हवा तशीच राहते.

जेलला वेळ किती आहे यावर लक्ष असू द्या. शक्य असेल तिथे हार्डनर घालण्याआधी मूळ रेझिन डिगॅस करा, मग हळू ढवळून मिसळल्यावर पुन्हा थोडा वेळ.

पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टरला हेच लागू होतं?

नाही, इथे सावध राहा. या रेझिनांत स्टायरीन असतं आणि २० °से. ला त्याचा बाष्पदाब ६ ते ७ मिलिबारच्या आसपास असतो. ५ मिलिबारचं व्हॅक्यूम दिलं तर स्टायरीनच उकळू लागेल, आणि रेझिनचं प्रमाणही बिघडेल. वर्कशॉप गरम असेल तर मर्यादा आणखी वर सरकते. इपॉक्सीसाठी उत्तम असलेला पंप इथे थोडा रोखून चालवावा लागतो.

इन्फ्युजन हळू करावं की जलद?

दोन्ही टोकं वाईट. कापडात दोन प्रकारच्या वाटा असतात: तंतूंच्या जुडग्यांमधल्या मोठ्या फटी आणि जुडग्याच्या आतल्या अतिसूक्ष्म फटी. रेझिन फार हळू गेलं तर केशाकर्षणाने ते जुडग्यांच्या आत पुढे धावतं आणि मोठ्या फटींमधली हवा कोंडली जाते. फार जलद गेलं तर मोठ्या फटी आधी भरतात आणि हवा जुडग्यांच्या आत अडकते. पहिल्या प्रकारचे बुडबुडे डोळ्यांना दिसतात, दुसरे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली.

मधला वेग कुठे आहे हे केशाकर्षण संख्येवरून ठरतं, म्हणजे रेझिनची चिकटता आणि वेग यांच्या गुणाकाराला पृष्ठताणाने भागून. बऱ्याच कापडांसाठी ही संख्या ०.००१ ते ०.०१ च्या टापूत असताना सच्छिद्रता सर्वांत कमी येते. प्रत्यक्षात अडचण अशी की रेझिन जसजसं आत जातं तसतसा वेग उतरतो. त्यामुळे लांब भागात एकच प्रवेशनळी ठेवली तर सुरुवातीला वेग जास्त आणि शेवटी फारच कमी होतो. प्रवाहाचं अंतर कमी करणं, म्हणजे मधोमध नळी घेणं किंवा टप्प्याटप्प्याने नळ्या उघडणं, हा उपाय पंप बदलण्यापेक्षा जास्त उपयोगी. रेझिनची चिकटता १०० ते ३०० मिलिपास्कल-सेकंद असली तर काम सहज होतं.

फ्लो मेश, म्हणजे रेझिन पसरवणारी वरची जाळी, भागाच्या शेवटापर्यंत नेऊ नका. ती थोडी आधी थांबवली की वरचा प्रवाह संथ होतो आणि खालच्या थरांना त्याला गाठायला वेळ मिळतो. आणि कापडाची कड साच्याला नीट टेकलेली ठेवा. तिथे फट राहिली तर रेझिन कडेने पळतं आणि मध्ये कोरडा डाग सोडतं.

भाग भरला. आता कुठली नळी कधी बंद करायची?

व्हेंटकडे, म्हणजे पंपाकडे जाणाऱ्या नळीकडे, रेझिन पोचलं की लगेच बंद करू नका. पुढचं टोक नेहमी हवेने भरलेलं असतं; बुडबुडे नसलेलं रेझिन दिसेपर्यंत थोडं बाहेर जाऊ द्या. यात वाया जाणारं रेझिन हा खर्च नाही, तो कामाचाच भाग आहे.

मग प्रवेशनळी बंद करायची. पण व्हेंटला खोल व्हॅक्यूम चालूच ठेवलं, तर जादा रेझिन निघत जातं, तंतू भार उचलतात आणि वर सांगितल्याप्रमाणे रेझिनमधला दाब सगळीकडे उतरतो. व्हेंटजवळ सच्छिद्रता जास्त सापडण्यामागे हे मोठं कारण आहे. त्यामुळे अनेक जण या टप्प्यावर व्हेंटकडचा दाब काही शे मिलिबार निरपेक्ष इतका वाढवतात. किंमत अशी की भाग किंचित जाड होतो आणि तंतूंचं प्रमाण थोडं घटतं. माझं मत विचाराल तर बहुतेक भागांसाठी हा सौदा परवडतो. नेमका आकडा आपल्याच रेझिन-कापडाचे दोन-तीन नमुना तुकडे करून ठरवा.

बंद साच्याच्या आरटीएममध्ये हे काम अधिक सोपं आहे: भरल्यावर व्हेंट बंद करा आणि प्रवेशाकडून दाब वाढवून जेलपर्यंत धरून ठेवा. उरलेले बुडबुडे त्या दाबाने आक्रसतात, काही रेझिनमध्ये विरघळतात.

प्रीप्रेगमधला ओलावा इतका महत्त्वाचा का?

आकडेच सांगतात. शुद्ध पाण्याचा बाष्पदाब १०० °से. ला १ बार, १२० °से. ला सुमारे २ बार आणि १८० °से. ला सुमारे १० बार असतो. ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ठेवलेल्या प्रीप्रेगसाठी ढोबळमानाने याच्या निम्मा धरा. म्हणजे १८० °से. ला पोकळी वाढू नये म्हणून रेझिनमध्ये किमान ५ बार दाब हवा. ऑटोक्लेव्ह ६-७ बारवर चालवण्यामागचं एक कारण इथे दिसतं. पुन्हा आठवण: हा दाब रेझिनमध्ये हवा, ऑटोक्लेव्हच्या टाकीत नव्हे. रेझिन जास्त वाहून गेलं तर ७ बारच्या ऑटोक्लेव्हमध्येही सच्छिद्र भाग बनतो.

फ्रीझरमधून, म्हणजे उणे १८ °से. च्या आसपासहून, काढलेला रोल बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पिशवी आधी उघडली तर थंड पृष्ठभागावर दव धरतं आणि ते थेट लॅमिनेटमध्ये जातं. पिशवीबाहेरचं दव सुकलं म्हणजे आतला गाभा गरम झाला असं नाही. जाड रोलला बराच जास्त वेळ लागतो.

डिबल्क किती वेळा?

डिबल्क म्हणजे रचलेले थर मध्येच व्हॅक्यूमखाली दाबून हवा काढणं. पहिला थर साच्यावर बसला की एकदा, मग दर तीन ते पाच थरांनी, १० ते १५ मिनिटं व्हॅक्यूमखाली. वळणदार भागात जास्त वेळा. घाईच्या दिवशी सर्वांत आधी गाळली जाणारी पायरी हीच.

ऑटोक्लेव्ह नाही. १ टक्क्याच्या खाली जाता येईल का?

येईल, पण साहित्य त्यासाठीच बनवलेलं हवं. फक्त व्हॅक्यूम बॅगवर पक्क्या होणाऱ्या प्रीप्रेगमध्ये तंतू मुद्दाम अर्धवट भिजवलेले असतात. जुडग्यांमधल्या कोरड्या वाटांनी हवा आडवी कडेपर्यंत जाते आणि गरम झाल्यावर रेझिन त्या वाटा भरून टाकतं. याचा अर्थ कडा श्वास घेत्या राहिल्या पाहिजेत. काचतंतूंची दोरी किंवा कापडाची पट्टी कडेला लावून ब्रीदरशी जोडा. कड टेपने बंद केली तर हवेला दुसरी वाटच उरत नाही. मोठ्या भागाला गरम करण्याआधी काही तास, कधी रात्रभरही, व्हॅक्यूमखाली ठेवावं लागतं.

दाब १ बारच आहे, म्हणून तापमानावर बंधन येतं. ५० टक्के आर्द्रतेला मुरलेल्या प्रीप्रेगसाठी १२० °से. ला पाण्याची वाफ जवळपास तेवढाच दाब देते, म्हणजे हातात काहीच राखीव उरत नाही. त्यामुळे ८० ते १२० °से. च्या टापूत आधी जेल होऊ द्यायचं आणि मग पोस्ट-क्युअरसाठी (जेलनंतर पूर्ण पक्कं करण्यासाठी) तापमान चढवायचं. ऑटोक्लेव्हचं प्रीप्रेग आणून तेच बॅगवर पकवण्याचा प्रयत्न करू नका.

कोपऱ्यांतच पोकळ्या का सापडतात?

आतल्या कोपऱ्यात कापड किंवा बॅग ताणून पूल बांधते, साच्याला टेकतच नाही. तिथे दाब पोचत नाही आणि रेझिन साचतं किंवा हवा राहते. बॅगला पुरेशा चुण्या द्या, कोपऱ्यात थर आधी बसवून मग बाजूंकडे या, गरज असेल तिथे रबराचा दाबपट्टा ठेवा. आराखड्यातच कोपऱ्याची त्रिज्या वाढवता आली तर त्याहून चांगला उपाय नाही.

हाताने थर लावताना काय पाळावं?

साच्यावर आधी रेझिन, मग कापड. कोरड्या कापडावर वरून रेझिन ओतलं की खालची हवा कोंडते; खालून वर भिजू दिलं की ती निघून जाते. दातेरी रोलर मधून कडेकडे फिरवा, जोर लावून नव्हे, शांतपणे. जोरात आणि वेगाने फिरवलेला रोलर हवा आणखी मिसळतो. रेझिन ढवळतानाही फेस होऊ देऊ नका. जाड भाग एका बैठकीत लावू नका, कारण रेझिन स्वतःच्या उष्णतेने इतकं तापतं की त्यातले बाष्पशील घटक उकळतात.

फिनॉलिक रेझिनचं काय?

ते पाणी सोडणारच. सावकाश तापवणं, मध्ये स्थिर तापमानावर थांबून वाफ जाऊ देणं, प्रेसमध्ये असेल तर साचा क्षणभर उघडून पुन्हा दाबणं, आणि जेलच्या आधी पूर्ण दाब, एवढंच हाती आहे. इपॉक्सीइतकी कमी सच्छिद्रता इथे अपेक्षू नका.

थर्मोप्लास्टिक कंपोझिटमध्येही हा त्रास होतो?

होतो. वितळलेलं प्लास्टिक इपॉक्सीपेक्षा कितीतरी घट्ट असतं, त्यामुळे ते जुडग्यांत शिरायला दाब आणि वेळ दोन्ही लागतात. नायलॉनसारखं पाणी शोषणारं असेल तर आधी नीट वाळवा. आणि चांगला बनलेला पत्राही दाबाशिवाय पुन्हा वितळवला तर तंतू उसळी घेतात, थर फुगतात आणि पोकळ्या उघडतात. म्हणून थंड होऊन प्लास्टिक घट्ट होईपर्यंत दाब काढायचा नाही.

ताग, जवस यांसारखे तंतू किंवा कोर (थरांच्या मधला हलका गाभा) असेल तर?

वाळवा. ताग हवेतून स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी धरू शकतो; ओव्हनमधून काढून लगेच बॅगमध्ये घ्या, कारण तो पुन्हा झपाट्याने ओलावा घेतो. बाल्सा या हलक्या लाकडाच्या कोरलाही हेच लागू. काही पीव्हीसी फोम गरम झाल्यावर स्वतः वायू सोडतात, त्यांना आधी गरम करून तो काढून टाकावा लागतो. हनिकोंबच्या (मधाच्या पोळ्यासारख्या कोरच्या) बंद घरांतली हवा तापून फुगते आणि चिकट थरात बुडबुडे सोडते; ती क्युअरच्या (रेझिन पक्कं होण्याच्या) आधी काढायला वाट द्या.

सच्छिद्रता मोजायची कशी?

सोपी रीत घनतेची, मानक एएसटीएम डी २७३४. मोजलेली घनता आणि पोकळी नसती तर आली असती ती घनता यांतला फरक टक्क्यांत काढायचा. समजा कार्बन तंतूंची घनता १.८, रेझिनची १.२ (ग्रॅम प्रति घन सेंमी) आणि तंतूंचं आकारमान ६० टक्के. सैद्धांतिक घनता १.५६ येते. तुकडा १.५४ भरला तर सच्छिद्रता सुमारे १.३ टक्के.

आता तंतूंची खरी घनता १.८ नसून १.७८ असेल तर? सैद्धांतिक घनता १.५४८ होते आणि सच्छिद्रता ०.५ टक्क्यांवर येते. एका छोट्या गृहीतकाने भाग नापासाचा पास झाला. कधी उत्तर ऋणही येतं. १ टक्क्याच्या आसपासच्या निर्णयासाठी या रीतीवर एकटीवर विसंबू नका.

काचतंतूंचं प्रमाण रेझिन जाळून काढता येतं. कार्बन भट्टीत स्वतः जळू लागतो म्हणून तिथे आम्लाने रेझिन विरघळवतात. तुकडा घासून-पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं मला सर्वांत जास्त शिकवणारं वाटतं, कारण आकार आणि जागा दोन्ही दिसतात. मात्र एकाच छेदावरून सगळ्या भागाचा निकाल लावू नका. भाग न तोडता पाहायचा तर अल्ट्रासॉनिक सी-स्कॅन (ध्वनिलहरींनी काढलेला नकाशा), आणि लहान तुकड्यासाठी मायक्रो-सीटी (क्ष-किरणांचं सूक्ष्म स्कॅन).

पोकळीच्या जागेवरून कारण ओळखता येतं का?

बऱ्याचदा. एका बिंदूपासून व्हेंटच्या दिशेने निघालेली बुडबुड्यांची रांग म्हणजे त्या बिंदूपाशी गळती. थरांच्या मध्ये लांबट, चपट्या पोकळ्या म्हणजे थर लावताना कोंडलेली हवा, डिबल्क कमी पडलं. सगळीकडे सारख्या विखुरलेल्या गोल पोकळ्या म्हणजे ओलावा किंवा डिगॅस न केलेलं रेझिन. जुडग्यांच्या आत सूक्ष्म पोकळ्या म्हणजे प्रवाह फार जलद. फक्त साच्याकडच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतील तर पहिला थर नीट बसलेला नाही किंवा साचाच गळतोय. फक्त व्हेंटजवळ असतील तर रेझिन पुरेसं बाहेर जाऊ दिलं नाही, किंवा नंतर व्हॅक्यूम जरुरीपेक्षा खोल राहिलं.

तयार भागातली सच्छिद्रता काढता येते का?

थर्मोसेटमध्ये (एकदा पक्कं झालं की पुन्हा न वितळणाऱ्या रेझिनमध्ये) नाही. पृष्ठभागावरची छिद्रं भरून घासता येतात, सुटलेल्या थरांत काही वेळा रेझिन टोचता येतं, पण थरांमध्ये पसरलेल्या बंद पोकळ्यांपर्यंत काहीच पोचत नाही. थर्मोप्लास्टिक भाग मात्र साच्यात पुन्हा वितळवून दाबाखाली घट्ट करता येतो, जर साचा आणि दाब दोन्ही उपलब्ध असतील तर.